लिफ्टपासून तिसरं दार

तेहतीस वर्षं मी कणकवलीजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. त्या तेहतीस वर्षांत खऱ्या इंग्रज माणसाशी बोलायची वेळ एकदाही आली नाही. आली ती निवृत्तीनंतर, मँचेस्टरमधल्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बिनचूक इंग्रजी वाक्य होतं. क्रियापद, काळ, वचन, सगळं जिथल्या तिथे. फक्त ते खोटं होतं आणि माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल होतं. बहीण तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती, हातात गरम घावण्यांची ताटली घेऊन.

आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे घरात कुणी विचारलं नाही, मीही नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. पुढे मी आणि बायको दोघंही मास्तर झालो आणि सकाळी दोन दिशांच्या दोन एसट्या पकडून जायला लागलो, तेव्हा आमची मुलगीही तिनेच वाढवली. मुलगी पहिला शब्द बोलली तो 'आते'. तेव्हा मला थोडा राग आला होता, हेही आता सांगून टाकतो.

ही मुलगी शिकायला मँचेस्टरला गेली आणि दोन वर्षांनी तिच्या पदवीदानाचं पत्र आलं. सोबत फक्त दोघांना येता येणार होतं. आम्ही नवराबायकोने जायचं असं ठरलंही होतं, पण शिमग्यात बायको अंगणात घसरली आणि तिच्या पायात सळई बसली. मुलगी फोनवर म्हणाली, "मग आते येऊ दे." बायकोही लगेच हो म्हणाली. आक्काला विचारलं तर तिने पहिला प्रश्न केला, "भाताच्या लावणेच्या आदी जावचा की मागसून?"

मुलगी चार जणींबरोबर एका घरात राहायची. तिथे आमची सोय होणार नव्हती. आक्का बाहेरचं खात नाही, म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा हवी होती. ती निवडायचं काम मी घेतलं आणि महिनाभर त्यात गुंतलो. फोनवर मी शंभरेक ठिकाणं पाहिली असतील. फार महाग नको, फार स्वस्तही नको. लिफ्ट हवी, कपडे धुवायचं यंत्र हवं, समारंभाचा हॉल चालत जाता येईल इतका जवळ हवा. लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी पेपर तपासावेत तसे वाचायचो आणि त्यातल्या स्पेलिंगच्या चुका मनातल्या मनात लाल करायचो. बायको पाय उशीवर ठेवून बघत असायची. एकदा म्हणाली, "मला बघायला आला होतात तेव्हा एवढे प्रश्न विचारले नव्हते."

मुलीने एक घर सुचवलं होतं. एक वयस्कर जोडपं आपल्याच घराच्या वरच्या दोन खोल्या द्यायचं. त्यांनी लिहिलं होतं की सकाळी आम्ही सगळे एकाच टेबलावर बसतो, पाहुण्यांनी आपल्याकडचं काही करून खायला घातलं तर आम्हाला आवडतं. ते वाचूनच मी ती जागा बाद केली. रोज सकाळी एका टेबलावर आक्का काय बोलेल, कशी बोलेल, चहा बशीत ओतेल, या विचारानेच मला घाम फुटला. मी निवडलं ते हॉटेल सगळ्यांच्या मते 'शांत' होतं. कामानिमित्त येणारे लोक, दाराला आकडे दाबायचं कुलूप, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. मी स्टाफरूममधल्या जुन्या मित्रांना सांगितलं, सर्व्हिस अपार्टमेंट घेतलंय. हे सांगताना आवाजही जरा जड केला होता.

आक्काने बिडाचा तवा घेतला. मी म्हटलं, तिकडे भांडी असतात. ती म्हणाली, "तवो नाय तर मी येवचंय नाय." तवा नऊवारीत गुंडाळला गेला, सोबत घावण्यांचं पीठ आणि गूळ. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि हसून परत दिला. मी दुसरीकडे बघत होतो.

हॉटेल मात्र खरंच चांगलं होतं. दोन छोट्या खोल्या, एक मोरी, कोपऱ्यात चकचकीत स्वयंपाकघर. कपाटाच्या आत भांड्यांची यादी चिकटवलेली होती. आक्काने ती मला वाचायला लावली आणि एकेक वस्तू काढून मोजली. चार ताटल्या, चार वाट्या, चार पेले, दोन सुऱ्या. मग ती दार उघडून बाहेर गेली. लांब बोळ, मऊ गालिचा, दोन्ही बाजूंना ओळीने सारखी दारं. ती बराच वेळ बघत राहिली आणि खूश होऊन आत आली.

"ही गावपळणच रे," ती म्हणाली. "फकत झावळां नाय."

हे आमच्या आचरा गावाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या गावात चारेक वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल मिळाला की सगळा गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस तीन रात्री गावात कुणी राहत नाही. माळावर, खाडीच्या कडेला विणलेल्या झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात, एकीला लागून एक. एरवी ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याचीही झोपडी शेजारी येते. आमच्या घरची रीत अशी की नव्या जागी चूल पेटली की पहिला घास शेजारच्या झोपडीत गेल्याशिवाय आपल्या घरी पान वाढायचं नाही. आक्काने आयुष्यात जितक्या गावपळणी केल्या तितक्यांदा हे केलं. जाताना भांडी मोजायची, परतताना मोजायची, आणि मधले तीन दिवस ती भांडी कुणाकुणाच्या झोपडीत फिरत असायची. एक पळीसुद्धा कधी कमी आली नाही. मलाही लहानपणी हेच तीन दिवस सगळ्यात आवडायचे.

म्हणजे आक्काने पुढे जे केलं ते का केलं, हे मला पूर्णपणे ठाऊक होतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो. मुलगी नारळाच्या रसाचा डबा आदल्या दिवशीच देऊन गेली होती. परत येऊन लिफ्टमधून बाहेर पडलो तर बोळभर तव्यावरच्या घावण्यांचा वास. आणि बोळाच्या मध्यावर आक्का. अंगात नऊवारी, वर बायकोचा स्वेटर, पाय अनवाणी. एका हातात ताटल्यांची चळत, वर घावणी आणि रसाची वाटी, दुसऱ्या हाताने ती एक दार वाजवत होती. चार बोटं जोडून, आपण गावात वाजवतो तसं, हाक मारत.

"आसा काय कोण घरात? घेवा, गरम आसत. आमी कालच इलो."

मागच्या एका दारात एक बाई कागदी रुमालावर घावणं घेऊन उभी होती आणि गोंधळून हसत होती. आणखी कुठलं तरी दार किलकिलं होऊन बंद झालं. कुणीतरी खाली फोन केला असावा, कारण माझ्या पाठोपाठच लिफ्ट पुन्हा उघडली आणि काउंटरवरची बाई वर आली. तिशीची, केस घट्ट बांधलेली, कोटावर बिल्ला. ती चिडलेली नव्हती. तिने अगदी मऊपणे विचारलं, सर, सगळं ठीक आहे ना? काही पाहुणे जरा घाबरले आहेत.

मला तिला गावपळण सांगता आली असती. पाच-सहा वाक्यांचं काम. मुलांना निबंधात 'माझ्या गावातील एक प्रथा' हा विषय मी स्वतः दिलेला आहे, आणि त्याचं नमुना उत्तर फळ्यावर लिहूनही दिलेलं आहे. पण मला दिसत होते ते आक्काचे अनवाणी पाय, तेल लावलेले केस, आणि त्या बाईचे पॉलिश केलेले बूट. मी आवाज खाली आणून इंग्रजीत म्हणालो की माझ्या बहिणीला विसरण्याचा आजार आहे, आपण कुठे आहोत हे तिला कधी कधी कळत नाही, कृपया क्षमा करा.

त्या बाईचा चेहरा एकदम बदलला. तिच्या आजीला हाच आजार होता, असं ती म्हणाली. तिने आक्काचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आक्काला वाटलं, घावणं हवंय म्हणून हात धरला. "खावन बघ गो बाये," ती म्हणाली. बाईने उभ्या उभ्या एक घावणं रसात बुडवून खाल्लं आणि डोळे पुसले. आक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, कितक्या बरा चेडू आसा. रडाकच इला तेका."

मी आक्काला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी ती बाई एक कार्ड घेऊन आली. निळ्या फितीत ओवलेलं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं. वर हॉटेलचं नाव, फोन, आमच्या जागेचा नंबर. खाली तिच्या सुबक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की मला नीट आठवत नाही, मी वाट चुकले असेन तर कृपया इथे कळवा. तिने स्वतः ते आक्काच्या गळ्यात घातलं. आक्का कार्ड हातात धरून वळवून वळवून बघत होती. काय लिहिलंय, तिने विचारलं.

मी म्हणालो, "पाव्हण्यांचो बिल्लो आसा. सगळ्यांका देतत."

"तुका खंय दिल्यानी?"

"माझो खिशात आसा."

दुसऱ्या दिवशी शेगडी चालू होईना. विजेची शेगडी, काचेची, बोट लावलं की पेटणारी. आक्काने दहादा बोट लावलं. मी काउंटरवर गेलो, तर त्या बाईनेच हळूच सांगितलं, काळजी म्हणून आम्ही ती बंद ठेवली आहे, तुम्ही स्वतः जवळ उभे राहणार असाल तेव्हा फक्त एक फोन करा. तिच्या आजीने एकदा घर पेटवलं होतं म्हणे. मी तिचे आभार मानले. अगदी मनापासून मानल्यासारखे मानले.

वर आलो तर आक्का शेगडीपुढे खुर्चीवर बसली होती. "माझ्या हातान मोडली काय रे ती?" तिने विचारलं. बिडाचा जड तवा काचेवर ठेवला, म्हणून तडकली असणार, असं तिला वाटत होतं. कुणाची वस्तू तिच्या हातून मोडल्याचं मला तरी आठवत नाही. मी म्हणालो, जुनी आहे, बिघडली असेल. पण माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तिचा विश्वास बसला नाही. तिने तवा पुसून परत नऊवारीत गुंडाळला.

मी फोन करायला हवा होता. रोज सकाळी एक फोन, आणि मी शेगडीजवळ उभा. पण त्यासाठी मला माझं खोटं रोज सकाळी नव्याने बोलावं लागलं असतं, आणि आक्काने विचारलं असतं, हल्ली शेगडीला फोन का लागतो. म्हणून पुढचे सहा दिवस आम्ही पाव, केळी आणि मुलीच्या घरून मी घेऊन यायचो तो भात खाल्ला. साफ करायला येणारी बाई आक्काशी मोठ्याने आणि सावकाश बोलायची, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. लिफ्टमध्ये लोक तिला बघून मान तिरकी करून हसायचे. आक्का सगळ्यांना हात जोडायची. तिला वाटत होतं, बिल्ल्याचा मान आहे.

एकदा ती म्हणाली, "ती एक ताटली..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "कोणाच्या दारात आता जाव नको," मी ओरडलो. मास्तरकीतला आवाज होता तो.

पदवीदानाच्या दिवशी तिने जांभळी इरकली नेसली, केसात मुलीने पाठवलेलं फूल माळलं, आणि वर ते कार्ड. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, पाहुण्यांचा आहे ना, मग पाहुण्यांच्या दिवशीच घालायला हवा. हॉलबाहेर रांगेत मुलगी काळ्या झग्यात धावत आली, आक्काच्या गळ्यात पडली आणि तिची नजर कार्डावर गेली. तिने ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. माझी मुलगी लहानपणापासून रागावली की ओठ आत घेते. तिने ओठ आत घेतले.

"बाबा, हे कुणी लिहिलं?"

मी म्हणालो, हॉटेलच्या बाईने. ते खरंच होतं. मुलीने फीत आक्काच्या डोक्यावरून काढायला हात घातला, पण आक्काने तो धरला. "ऱ्हवांदे गो," ती म्हणाली. हॉलची दारं उघडली, आम्ही आत गेलो. मुलीचं नाव पुकारलं तेव्हा आक्का उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मी त्या टाळ्यांच्या तालावर हलणारं कार्ड बघत होतो. माझ्या एकुलत्या एक मुलीची पदवी, आणि मला त्यातलं दुसरं काही आठवत नाही.

त्या दुपारी मुलगी आक्काला घेऊन फिरायला गेली. मला बोलावलं नाही. दोघी परत आल्या तेव्हा आक्का नेहमीसारखीच होती. कार्ड गळ्यात तसंच. मी सुटकेचा श्वास टाकला, इतका मी निर्लज्ज झालो होतो.

शेवटच्या सकाळी आक्काने जागा झाडून घेतली. केरसुणी नव्हती, तर कागदाने झाडली. भांडी धुऊन कपाटात ओळीने लावली. मग आम्ही तिघं खाली काउंटरवर गेलो. वरून साफसफाईवालीचा फोन आला, आणि काउंटरवरची बाई हसत म्हणाली, एक ताटली कमी दिसते, पण काही हरकत नाही. माझी आजी चमचे फुलांच्या कुंडीत पुरून ठेवायची. हे म्हणताना तिने आक्काच्या दंडावर थोपटलं.

मुलीने आक्काला मराठीत सांगितलं, ताटली एक कमी आहे म्हणतात. मी आक्काकडे बघितलं. गावपळणीत पन्नास वर्षांत एक पळी न हरवलेली ही बाई. ती काहीतरी बोलणार असं वाटलं. मुलगीही तिच्या तोंडाकडे बघत होती. आक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली, आणि ज्याला काही उमगत नाही अशा माणसासारखी हसली. बाईने तिला जवळ घेतलं. मी बिलावर सही करून निरोप घेतला.

टॅक्सीत मुलगी पुढे बसली, आम्ही मागे. पहिल्याच सिग्नलला आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताटली लिफ्टीसून तिसऱ्या दारात आसा. त्या म्हाताऱ्यान घावण्यांसकट घेतल्यान नि दार लायल्यान. थंयच्या कपाटात पाच आसतली."

"मगे सांगलंस कित्याक नाय?" मी विचारलं.

"कसा सांगतलंय? माका विसारपणाचो रोग आसा मां?"

पुढच्या सीटवर मुलीचे खांदे ताठ झाले.

"पोरीन त्या दिसाच वाचून दाखवल्यान माका," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पण तू सांगान बसलंलंस हॉटेलातल्या त्या चेडवाक. इतक्या शिकलेल्या भावाक मी लोकांदेखत खोटो पाडू?" मग तिने विचारलं, "शेगडी तरी माझ्या हातान मोडूक नाय मां?"

"नाय," मी म्हणालो. "नाय गो आक्का."

"मगे झाला," ती म्हणाली. तिने फीत डोक्यावरून काढली, बोटांभोवती नीट गुंडाळली आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

मुलगी मागे वळली. "बाबा, गाडी फिरवू या? दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. वर जाऊन ताटली काढून देऊ, आणि तुम्ही त्या बाईंना सांगा."

आक्का बाहेरच बघत होती. पण तिचा हात सीटवर माझ्या हाताशेजारी होता, आणि ती ऐकत होती.

"नको," मी म्हणालो. "उशीर होईल. विमान चुकेल."

विमानाला अजून पाच तास होते.